मम म्हणा

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना लॅपटॉप,
झाकणावर कुठल्याशा बँकेचा अर्धा खरवडलेला शिक्का,
आत लिनक्स. दुकानदार म्हणाला, फुकट आहे.
ऑल्विन म्हणतो, फुकट नाही काका, मुक्त.
फरक असतो.
असेल.

हर्षला घरतला करार कायदा वाचून हवाय.
तिला दिसत नाही, परीक्षा एप्रिलात,
आणि मी एकतीस वर्षं दिवाणी न्यायालयात लघुलेखक,
दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणारा.
आता कुठे मी बोलायचं आणि यंत्रानं उतरवायचं
तर यंत्राला ऐकूच येत नाही.

घाटकोपर, पंतनगर, रात्रीचे अडीच.
या वेळी दोन विमानांच्या मध्ये सात-आठ मिनिटं सापडतात.
दिवसा एक गेलं की दुसरं,
पाण्याच्या टाक्यांवरून पोट घासत.

आधी जॅक टाकलं. जॅकला साउंड कार्ड हवं.
ते पल्सनं धरून ठेवलेलं, सोडेना.
मग पाइपवायर टाकलं, ते म्हणे
मी दोघांच्याही वतीनं उभा आहे.
असा एक इसम प्रत्येक खटल्यात असतो.
तारखा पडत राहिल्या. आवाज नाही.

म्हटलं, पल्सच काढू.
एक ओळ टाइप केली. उत्तरादाखल यादी:
हे काढलंत तर हेही जाईल, आणि हे,
आणि याच्या आधारावर उभं असलेलं ते,
पुरवणी जबाबासारखी लांबत गेलेली.
तळाशी प्रश्न, पुढे जायचं का?
आणि ज्यानं साक्षीदाराचं खोकणंसुद्धा सोडलं नाही
त्या मी, न वाचता, वाय दाबलं.

गेलं.
आवाजामागोमाग खिडक्या गेल्या, मेनू गेला,
घड्याळ, निळ्या डोंगराचं चित्र.
काळ्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली,
पेन्सिल टोकदार करून बसलेल्या ज्युनिअरसारखी:
बोला, घेतो लिहून.

ऑल्विन गोराईहून फोनवर, नाइट शिफ्टच्या चहाला.
एकेक अक्षर सांगत गेला,
मी शॉर्टहँडमध्ये घेतलं, हात विसरलेला नाही.
सगळं परत आलं, दीड जीबी डेटा खाऊन,
डोंगरासकट.
जुनी बिघडलेली सेटिंगंही तशीच.
काका, रिमूव्ह केलं की फक्त प्रोग्रॅम जातो,
त्यानं लिहून ठेवलेलं राहतं. पर्ज करा.
मला हे ठाऊक होतं.
साहेब म्हणायचे, हे वाक्य नोंदीतून वगळा,
मी आडवी रेघ मारायचो,
आणि खालचं वाक्य दोन्ही वकिलांना वाचता यायचं.

पर्ज केलं. पुन्हा टाकलं. तरी आवाज नाही.
चार वाजून गेले. खाली पंप सुरू झाला.
मिक्सर उघडा, ऑल्विन म्हणाला,
पहिल्या खांबाखाली काय दिसतंय?
एम, एम.
म्हणजे तोंड बंद. एम दाबा.

मम!
मुंजीत, लग्नात, सत्यनारायणाला
गुरुजी म्हणाले मम म्हणा, म्हटलं मम.
संकल्प कसला, कुणाचा, कधी विचारलं नाही.
आज रात्रभर हेच करत बसलो,
यादीवर यादी, मम, मम,
आणि मूळ कारण दोन अक्षरांत
पहिल्यापासून समोर.

दाबलं. दोन शून्यं उमटली.
स्पीकरमधून आधी पंप आला,
मग एक खाकरणं, ते माझं.

कलम तेरा वाचलं. दोघांनी एकाच गोष्टीला
एकाच अर्थानं होकार दिला तर ती संमती.
चौदा वाचलं, मुक्त संमती.
इथे मी जरा थांबलो.
ते थांबणं कापलं नाही, कापायचं कसं ते अजून येत नाही.

यंत्र म्हणतंय, एकशे बारा पॅकेजं आता कुणालाच लागत नाहीत,
काढून टाकू?
नको. राहू देत. जागा आहे.

हर्षलाचा निरोप दुपारी:
मिळालं काका, पण मी दुप्पट वेगानं ऐकते,
त्यात तुम्ही चौदाला थांबलात, वाटलं फाइल तुटली.
आणि सोळाव्यात विमान आलंय.
सोळावं परत वाचा.